लंघन, उपवास, उपोषण : आगाखान पॅलेसपासून डोंगरगडपर्यंत



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांवर आणि त्या लढणाऱ्या माणसांवर बोलतो. आज एकही गोळी सुटणार नाही, पण विषय वेढ्याचाच आहे. किल्ल्याला वेढा पडला की किल्लेदार आधी कोठारात जातो. धान्य किती, पाणी किती, किती दिवस निघतील, याचा हिशोब करतो. उपवासात माणूस स्वतःच्या शरीराला स्वतःच वेढा घालतो, आणि गंमत अशी की हा हिशोब करायला बहुतेक जण विसरतात. मीही विसरलो होतो. ती गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे हा माणूस उपदेश करतोय असं कुणाला वाटायला नको.

माझे वडील नागपूरकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. मी फौजेत गेलो, सगळा देश फिरलो, आणि निवृत्त होऊन पुन्हा भिलाईतच आलो. आई गेल्यानंतरची पहिली आषाढी एकादशी. ती आयुष्यभर आषाढी निर्जळी करायची. मी मनाशी म्हटलं, या वर्षी आपणही करायची, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तोवर मला मधुमेह होऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी सवयीनं ग्लिमेपिराइडची गोळी तेवढी घेतली. तीही घोटभर पाण्याबरोबर, म्हणजे निर्जळी तिथेच मोडली होती, पण ते लक्षात यायला संध्याकाळ उजाडली.

अकराच्या सुमारास काही कामासाठी सिव्हिक सेंटरकडे चालत निघालो. अर्ध्या वाटेवर हात थरथरायला लागले. सदरा घामानं चिंब झाला. समोरचा सायकलवाला मला दोन-दोन दिसायला लागला. पुलियावर बसलो, ते बसलो की कोसळलो हे आजही नीट सांगता येत नाही. समोरच्या चहावाल्यानं मात्र एका नजरेत ओळखलं, कारण त्याचे वडील मधुमेही होते. त्यानं ग्लासभर पाण्यात चार-पाच चमचे साखर ढवळली आणि माझं काही न ऐकता मला पाजली. नंतर दवाखान्यात रक्तातली साखर मोजली तेव्हा, ते साखरपाणी पोटात जाऊनही, आकडा ५८ आला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळी घेतलीत आणि जेवला नाहीत?"

मला लाज वाटली ती दुसऱ्याच कारणानं. माझ्या पलटणीत एक सुभेदारसाहेब होते. रमजानच्या पंधरा दिवस आधी ते न चुकता पलटणीच्या डॉक्टरकडे जायचे. आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवून घ्यायचे, आणि मगच रोजे धरायचे. मी त्यांच्याबरोबर इफ्तारला बसलोय. फौजेत अधिकारी आपल्या जवानांच्या सगळ्या सणांत सामील होतो, ती आपली जुनी रीत आहे. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं ते, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी ग्रामोफोनच्या तबकडीसारखा श्रद्धा, श्रद्धा करत राहिलो.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो, आणि वाचता वाचता आपल्या भाषेकडे लक्ष गेलं. इंग्रजीत 'फास्ट' हा एकच शब्द. मराठीत आपण वेगवेगळे शब्द ठेवले आहेत. पोट बिघडलं, ताप आला म्हणून जेवण टाळलं तर ते लंघन. देवासाठी, मनासाठी केलं तर उपवास. सरकारसमोर किंवा समाजासमोर काही मागणं घेऊन बसलं तर उपोषण. आणि आता शरीर ठेवायचंच, असं ठरवून अन्न सोडलं तर प्रायोपवेशन, जैन परंपरेत सल्लेखना. चारही प्रकारांत बाहेरून दिसणारी क्रिया एकच, जेवायचं नाही. पण प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळं, आणि फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात की उद्दिष्ट बदललं की सगळा आराखडा बदलतो. माझं त्या दिवशी काय झालं होतं? मी उपवासाच्या नावाखाली मनात लंघनाचा फायदा मोजत होतो, की चला, शुगरही उतरेल. ती उतरली, चांगलीच उतरली.

आता इतिहासाकडे येऊ. ज्याच्या शरीरावर उपासाची नोंद देशातल्या मोठ्या डॉक्टरांनी रोजच्या रोज ठेवली, असा माणूस आपल्या पुण्यात होता.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गांधीजींना अटक झाली आणि त्यांना येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, तिथेच महादेवभाई देसाई गेले. त्यानंतर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी पत्रव्यवहार झाला. देशात झालेल्या हिंसेचा दोष सरकार काँग्रेसवर टाकत होतं आणि गांधीजींना तो आरोप मान्य नव्हता. शेवटी त्यांनी २१ दिवसांचा उपवास जाहीर केला. १० फेब्रुवारी १९४३ ला सुरू, ३ मार्चला समाप्त. वय ७३. सरकार म्हणालं, उपासापुरतं तुम्हाला सोडतो. ते म्हणाले, सोडणार असाल तर उपासाचं कारणच राहत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. हे आमरण उपोषण नव्हतं. शरीराच्या शक्तीइतकं, म्हणजे २१ दिवस निभावून जिवंत बाहेर यायचं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून पाण्याला चव यावी आणि ते पोटात टिकावं यासाठी लागल्यास त्यात लिंबाच्या जातीच्या फळाचा रस घालण्याची मुभा त्यांनी स्वतःला ठेवली होती. उद्दिष्ट ठरलं, त्याप्रमाणे शिधा ठरला.

उशाशी डॉक्टर कोण होते पाहा. सुशीला नय्यर बरोबरच कैदेत होत्या. डॉ. गिल्डर, मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ आणि १९३७च्या काँग्रेस मंत्रिमंडळातले आरोग्यमंत्री, तेही कैदीच. त्यांना येरवडा तुरुंगातून इथे हलवलं. कलकत्त्याहून डॉ. बिधानचंद्र रॉय आले. सरकारकडून सर्जन जनरल कँडी होते. ज्या माणसाला निसर्गोपचाराचं इतकं वेड, मातीच्या पट्ट्या आणि कटिस्नानावर ज्यानं पानंच्या पानं लिहिली, त्यानं उपासाच्या काळात डॉक्टरांना नाडी बघू दिली, लघवी तपासू दिली, रोजचं पत्रक काढू दिलं. त्यांच्याएवढा उपासाचा अनुभव तेव्हा क्वचितच कुणाला असेल. १९२४ साली दिल्लीत २१ दिवस, १९३३ साली पुण्यात पर्णकुटीत पुन्हा २१ दिवस झाले होते. तरी तपासणीला नाही म्हटलं नाही.

दुसरा आठवडा संपत आला आणि प्रकृती ढासळली. मळमळ इतकी की पाणी पोटात राहीना. पाणी नाही म्हणजे मूत्रपिंडाला काम करता येत नाही, आणि जे विष बाहेर जायचं ते रक्तात साठतं. २१ फेब्रुवारीच्या सुमारास डॉक्टरांनी आशा जवळजवळ सोडली होती. तेव्हा त्यांनी पाण्यात थोडा मोसंबीचा रस घेतला. मळमळ थांबली, पाणी जिरायला लागलं, आणि माणूस परत आला. वैद्यकाच्या भाषेत यात चमत्कार काही नाही. लांबच्या उपासात चरबी जळून रक्तात किटोन नावाची द्रव्यं वाढतात, त्यांनी मळमळ होते. रसातली थोडीशी साखर किटोनचं प्रमाण खाली आणते. पण चमच्या-चमच्यानं दिलेल्या त्या रसावर तेव्हा किती राजकारण लटकलेलं होतं!

कारण लंडनमध्ये चर्चिलसाहेबांचा विश्वासच बसत नव्हता. उपास सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच त्यांनी व्हाइसरॉयला तारेनं विचारलं, पाण्यात गुपचूप ग्लुकोज घालतात का? इकडून उत्तर गेलं की जवळ असणाऱ्यांना तसं वाटत नाही. तरी युद्धावरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ग्लुकोजचा आरोप छापलाच, आणि गांधीजींच्या डॉक्टरांना तो जाहीरपणे खोडून काढावा लागला. इकडे दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळातून तीन भारतीय सदस्यांनी राजीनामे दिले. होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि तिसरे आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. विदर्भातल्या घरांत हे नाव अजून आदरानं घेतात, पण हा राजीनामा मात्र फार थोड्यांच्या लक्षात आहे.

३ मार्चला कस्तुरबांनी पाणी मिसळलेला संत्र्याचा रस दिला. छोटा पेला तो, पण गांधीजींनी तो वीसेक मिनिटं घोट-घोट घेत संपवला. हे वीस मिनिटांचं पथ्य मला सगळ्या उपासापेक्षा मोठं वाटतं, ते का ते पुढे सांगतो.

पण हे शहाणपण आलं कुठून? चुकांतून. दक्षिण आफ्रिकेत फिनिक्स आश्रमात त्यांनी आधी सात दिवसांचा आणि नंतर चौदा दिवसांचा उपास केला. पहिला सोपा गेला म्हणून दुसऱ्यात बेफिकीर राहिले, असं त्यांनी आत्मकथेत स्वतःच कबूल केलंय. पाण्यानं मळमळतं म्हणून पाणी फार कमी प्यायले. घसा सुकला, शेवटच्या दिवसांत आवाज इतका खोल गेला की पुटपुटल्यासारखं बोलावं लागे. म्हणजे महात्म्याचीही पहिली फेरी माझ्यासारखीच चुकली होती. फरक एवढा की त्यांनी चूक लिहून ठेवली आणि पुढच्या वेळी पाण्याचं भांडं आधी भरलं.

आता कोठाराचा हिशोब. आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर साठवलेली असते. तो झाला सैनिकाच्या पाठपिशवीतला शिधा, साधारण एक दिवस पुरणारा. तो संपला की शरीर दोन ठिकाणी हात घालतं. चरबी काढतं, आणि सुरुवातीला स्नायूही तोडतं, कारण मेंदूला साखर लागते आणि स्नायूतल्या प्रथिनांपासून ती बनवता येते. दोन-तीन दिवसांनी मेंदू किटोनवर चालायला शिकतो, मग स्नायूंची तूट कमी होते. चरबी हा मोठा डेपो, एका किलोत ७ हजारांहून जास्त कॅलरी. म्हणून पाणी आणि क्षार मिळत राहिले तर माणूस आठवडेच्या आठवडे जगतो. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ व्या दिवशी गेले, १३ सप्टेंबर १९२९ ला. पाणी नसेल तर मात्र हिशोब काही दिवसांवर येतो, आणि उन्हाळ्यात तर त्याहून कमी.

वेढ्याचा सगळ्यात धोक्याचा क्षण तो उठतो तेव्हाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपान्यांच्या कैदेतून सुटलेले युद्धकैदी हाडांचे सापळे होऊन बाहेर आले. प्रेमानं त्यांना पोटभर खायला घातलं आणि त्यातले काही जेवणानंतर दगावले. कारण असं की अचानक पिष्टान्न मिळालं की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम भराभर पेशींमध्ये ओढलं जातं. मग हृदयाचा ताल बिघडतो. आता कळलं, तो वीस मिनिटांचा संत्र्याचा रस किती शहाणपणाचा होता? एका दिवसाच्या एकादशीला ही भीती नाही. पण आठ-दहा दिवसांचं काही करून द्वादशीला श्रीखंड-पुरीवर तुटून पडणारे लोक मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट या वर्षाबद्दल सांगायलाच हवी. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे ३० लाख माणसं मेली. आगाखान पॅलेसमध्ये एका माणसाच्या नाडीचे ठोके जग मोजत होतं, आणि काही महिन्यांत तिकडे खेडीच्या खेडी कुणी न मोजता संपली. उपास आणि उपासमार, शब्द किती जवळचे आहेत. ज्याच्या घरात धान्य आहे त्यालाच उपास करता येतो. उपासाचे फायदे सांगताना हे भान सुटलं की माणूस हास्यास्पद होतो.

फायदे आहेत का, असं तुम्ही विचाराल. आहेत, पण व्हॉट्सअॅपवर सांगतात तितके आणि तसे नाहीत. २०१६ साली जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळालं, पेशी स्वतःचा कचरा कसा पचवतात या शोधासाठी. मूळ प्रयोग यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वावर झाले होते. यीस्टला उपाशी ठेवलं की ही सफाई वाढते हे खरं. पण त्यावरून "सोळा तास उपाशी राहा, कॅन्सर पळेल" असं ओसुमींनी कुठेही म्हटलेलं नाही. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभराचा अभ्यास झाला. एका गटाला ठरलेल्या कॅलरी आठ तासांच्या आत खायच्या होत्या, दुसऱ्याला तेवढ्याच कॅलरी दिवसभरात. वजन दोघांचंही उतरलं आणि फरक लक्षात घेण्याजोगा निघाला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा ताट महत्त्वाचं. पण घड्याळामुळे ज्याचं ताट लहान होतं, त्याला घड्याळाचा उपयोग आहे. आपल्याकडे नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्या विचारावर पुढे काम करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनदाच जेवण्याचा मार्ग घराघरांत नेला, त्याचं बळ इथेच आहे. सतत तोंड चालू ठेवायची सवय मोडते.

मधुमेहाबद्दल सगळ्यात ठोस अभ्यास ब्रिटनमधला, २०१७ चा. ज्यांना टाईप दोनचा मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झाला होता, अशांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरीवर ठेवलं. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय आटोक्यात होती. पण पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. मी नेमकं उलटं केलं होतं.

म्हणून ज्यांच्या घरी मधुमेही आहेत त्यांनी हे ऐका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन, यांच्यावर असताना न जेवणं म्हणजे साखर खोल जाणं. मेटफॉर्मिन एकटी असेल तर ती भीती कमी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांत वेगळाच धोका, साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि तरी रक्तात आम्ल साठतं. गाऊटवाल्यांचं युरिक अॅसिड उपासानं वाढतं. गरोदर बाई, वाढतं मूल, मूत्रपिंडाचा रोगी यांना सूट शास्त्रानंही दिलीय आणि डॉक्टरांनीही. रमजानसाठी जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांनी रीतसर नियम केले आहेत, रुग्णाचा धोका आधी मोजा, औषध बदला, आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडा. हे नियम एकादशीला लावायला कुणाची हरकत असणार आहे?

आयुर्वेदानं तरी काय म्हटलंय? चरकसंहितेत लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत, उपवास हा त्यातला एक. व्यायाम हाही लंघनच, तहान आवरणं हेही, उन्हात-वाऱ्यात राहणं हेही. आणि कुणाला लंघन द्यायचं, कुणाला उलट पोषण द्यायचं, यासाठी अख्खा अध्याय खर्च केलाय. दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्यही रोगी पाहूनच ठरवत होता.

आता आपल्या एकादशीचं ताट. साबुदाण्याची खिचडी समोर ठेवा आणि एकेक दाणा कुठून आला ते विचारा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी आणलेला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळे तिकडचेच. सेलमला साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो १९४०च्या दशकात. म्हणजे ज्ञानदेव-नामदेवांच्या एकादशीला ही खिचडी असणं शक्यच नव्हतं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नावापुरती. वर तूप आणि शेंगदाण्याचं कूट. एकादशी दुप्पट खाशी म्हणणाऱ्यानं कॅलरी मोजल्या नव्हत्या, पण आकडा बरोबर काढला होता. माझ्या बायकोचा यावर एक आक्षेप आहे, तोही नोंदवतो. ती म्हणते, "अहो, बारा महिने सगळ्यांचं रांधणाऱ्या बाईला वेगळं, आवडीचं खायला मिळायचा दिवस आहे तो, त्याच्यावर कशाला डोळा?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आमच्या छत्तीसगडची रीत बघा. श्रावण वद्य षष्ठीला इथे कमरछठ. मुलांसाठी आया उपास धरतात. नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही. म्हणून पाणथळीत आपोआप उगवणारा पसहर तांदूळ, सहा प्रकारच्या भाज्या, आणि गाईचं नाही, म्हशीचं दूधदही. त्या आठवड्यात भिलाईच्या बाजारात पसहर बासमतीपेक्षा महाग असतो. आणि आपली हरतालिका ती इथली तीजा. बायका माहेरी येतात, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खातात, त्याला करू भात म्हणतात, मग दुसऱ्या दिवशी पाणीही नाही. कारल्यानं तहान कमी लागते असं शेजारच्या बायका सांगतात. मला त्यात दिसते ती तयारी. आदल्या रात्रीपासूनची. आणि माहेर, म्हणजे त्या दिवशी चूल, धुणं, शेत काही नाही, विश्रांती. उपासाचा निम्मा फायदा या विश्रांतीत असावा असं माझं मत आहे.

उरले दोन शब्द, उपोषण आणि प्रायोपवेशन. इथे आरोग्याचा प्रश्न मागे पडतो आणि दुसराच उभा राहतो.

१९३२ साली येरवड्यात गांधीजी बसले, २० ते २६ सप्टेंबर, दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध. तुरुंगात कुष्ठरोगानं एकाकी ठेवलेले परचुरे शास्त्री होते. उपास सुटताना मंत्र म्हणायला गांधीजींनी त्यांना बोलावलं, ही गोष्ट हृद्य आहे. पण बाबासाहेब आंबेडकरांवर त्या चार दिवसांत जो दबाव आला तोही इतिहासच आहे, आणि त्यांनी तो स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलाय. एका माणसाचा श्वास दुसऱ्याच्या निर्णयावर टांगला की वाटाघाटी मोकळ्या राहत नाहीत. मला बाबासाहेबांचं हे म्हणणं पटतं. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केलं ते विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून. आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांना समजावलं होतं. गांधीजींनाही ते उपोषण मान्य नव्हतं, थांबवा असा निरोप आला, तरी गुरुजी हटले नाहीत. दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीनं १० मेला ते सुटलं आणि दार उघडलं. दोन्ही ठिकाणी हत्यार एकच. येरवड्यात ते एका समाजाच्या नेत्यावर रोखलं गेलं, पंढरपुरात बंद दारावर. माझ्या मनातला फरक तिथे आहे.

विनोबांचं तिसरंच. पवनारला ५ नोव्हेंबर १९८२ ला हृदयविकाराचा झटका आला. आठ तारखेच्या सुमारास त्यांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही बंद केलं. इंदिरा गांधी भेटून गेल्या. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. वय ८७. तिथे कुणाकडे काही मागणं नव्हतं.

आणि जैनांचं. बेळगावकडच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर, दिगंबर मुनींची परंपरा ज्यांनी विसाव्या शतकात पुन्हा चालती केली, त्यांची दृष्टी जात चालली. दिसत नाही म्हणजे पायाखालचा जीव वाचवता येत नाही, मग मुनिव्रत कसं पाळणार? त्यांनी धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, आणि महिन्याभराहून जास्त काळानं, १८ सप्टेंबर १९५५ ला, देह सोडला. त्यांच्याच शिष्यपरंपरेत पुढे आचार्य विद्यासागर झाले, तेही बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे. आणि ही परंपरा आली कुठे, तर आमच्या दारात. डोंगरगडच्या चंद्रगिरीवर १८ फेब्रुवारी २०२४ ला विद्यासागरांनी तीन दिवसांच्या उपवासानंतर समाधी घेतली. त्याआधी आचार्यपदही सोडलं होतं. हा आत्महत्येचा प्रकार नाही का, असा प्रश्न न्यायालयातही गेला. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

दुर्गहून गाडीनं तासा-सव्वातासावर डोंगरगड. मी नंतर जाऊन आलो. परतताना डब्यात एक तरुण मला सांगत होता की महाराजांनी उपवास केला म्हणजे उपवासात नक्की ताकद आहे, तोही आता आठवड्यातून तीन दिवस काही खाणार नाही, वजन उतरवायचंय. मी त्याला विचारलं, तुला शरीर सोडायचंय की ठेवायचंय? तो हसला. मग राजनांदगाव येईपर्यंत आम्ही त्याच्या रात्रीच्या समोश्यांवर बोललो.

माझी एकादशी आता अशी असते. आदल्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलणं होतं, त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. पाणी भरपूर, एक फळ, ताक, संध्याकाळी वाटीभर भगर आणि दाण्याची पातळ आमटी. दोनदा साखर मोजतो. आईच्या निर्जळीची बरोबरी करायचा नाद सोडलाय. फिरायला जातो तेव्हा खिशात खडीसाखरेची पुडी असते. चहावाला अजून तिथेच आहे. कॅलेंडर त्याच्या टपरीत टांगलेलं, एकादशी माझ्याआधी त्याला कळते, आणि लांबूनच विचारतो, "साहब, आज गोली खाए हो कि नहीं?"